कुंदाच्या अर्जातला एक शब्द

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, सोबतच्या शिक्षकांपाशी नाही. ज्या हेडसरांनी मला नोकरीत सांभाळून घेतलं, त्यांच्यापाशीही नाही — आणि ते आता या जगात नाहीत. दोन-तीनदा सांगायचं ठरवून बसलो, पण दर वेळी दुसरंच काहीतरी बोलून उठलो. आज लिहून पाहतो. बोलताना समोरच्याचा चेहरा दिसतो. लिहिताना निदान तो तरी दिसत नाही.

मोहाडीत कुणालाही विचारा, इंग्रजीचे सर कुठे राहतात — घर दाखवून देतील. जवळच्या गावातल्या शाळेत मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवतो आहे. संध्याकाळी पोरं घरी येतात. नोटीस आली, बँकेचं पत्र आलं की मोठी माणसंही येतात, ओसरीवर बसतात, "सर, वाचून सांगा जी," म्हणतात. मी वाचून सांगतो. लोक हात जोडतात आणि मी तो नमस्कार घेतो. तुम्ही म्हणाल, यात वाईट काय? काही नाही. पण आधी एक गोष्ट कळली पाहिजे, म्हणजे पुढचं कळेल — मी या शाळेत लागलो तेव्हा मला इंग्रजी येत नव्हतं.

मी मूळचा सानगडीचा. शिकलो मराठी घेऊन, आणि मराठीचा शिक्षक म्हणूनच शाळेत आलो. शिक्षणसेवक होतो. तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढायची आणि मग कायम व्हायचं, असं ते होतं. पहिल्याच वर्षी इंग्रजीचे जुने शिक्षक दुसरीकडे निघून गेले. हेडसरांनी मला बोलावून विचारलं, "आठवी-नववीचं इंग्रजी घेशील का रे?" नाही म्हणायची माझी टाप नव्हती. मी हो म्हटलं. बी. ए. ला इंग्रजी कसंबसं काठावर सुटलं होतं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मग मी काय करायचो? गाईड घ्यायचो. आदल्या दिवशी धडा गाईडमधून पाठ करायचा, वर्गात तोच म्हणायचा, आणि कुणी प्रश्न विचारण्याआधी फळ्याकडे वळायचं. मी कडक मास्तर म्हणून नाव कमावलं ते असं. पोरांना वाटायचं सर रागीट आहेत. मी रागीट नव्हतो. मी भ्यायलेला होतो — कोणत्याही दिवशी कोणीतरी एक शब्द विचारेल, आणि संपलं.

हे सगळं मी का सांगत बसलोय? मुद्द्यावर यायचं टाळतोय, म्हणून. मला ते कळतं.

नववीत कुंदा नावाची मुलगी होती. बारीक, सावळी, दुसऱ्या बाकावर खिडकीकडे बसायची. तिचा बाप शालिकराम. घरची थोडी धानाची शेती आणि जोडीला चौकीदारी — गावाबाहेर कालव्याचं काम चालू होतं, तिथले पाइप आणि सिमेंट राखायचं. शाळा सुटली की कुंदा त्याचा डबा घेऊन तिकडे जायची. कालव्यावर, असतो तसा, कामाचा एक बोर्ड होता. सगळा इंग्रजीत. त्याच्या बाजूने आम्ही शिक्षक रोज सायकलने जायचो. तो बोर्ड मी एकदाही वाचला नव्हता.

जुलै महिना होता. रोवण्याचे दिवस — धानाची रोपं चिखलात लावायचे दिवस. आमच्याकडे तेव्हा निम्मा वर्ग शेतात असतो. मी नेमका तोच विषय घेतला, म्हटलं सोपं जाईल. शेतीच्या कामासाठी सुट्टी मागणारा अर्ज, हेडसरांना, इंग्रजीत. गाईडमधला नमुना फळ्यावर लिहिला, आणि त्याच्यासारखा आपापला अर्ज घरून लिहून आणायला सांगितला. झाडून सगळ्यांनी फळ्यावरचाच उतरवून आणला. मी बरोबरच्या खुणा करत गेलो. मला काही वाचावंच लागत नव्हतं.

मग कुंदाची वही आली.

तिने स्वतःचा अर्ज लिहिला होता. त्यातलं एक वाक्य मला आजही जसंच्या तसं पाठ आहे — 'सर, रोवणा वर्क विल कमेन्स फ्रॉम मंडे.' रोवण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने तो शब्द तसाच इंग्रजी अक्षरांत लिहिला होता. आणि पुढे तो 'कमेन्स'. मला तो शब्द माहीत नव्हता. मला वाटलं, पोरीला 'कमेंट' लिहायचं असेल, चुकलं. मी लाल पेनाने तो खोडला. वर काहीतरी लिहिलंही — काय लिहिलं ते आता आठवत नाही. वह्या परत दिल्या.

कुंदा उभी राहिली. तिचा सूर अजिबात उद्धट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो.

"सर, हा शब्द बराबर आहे जी."

त्या वर्गात असं कधी झालं नव्हतं. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्याचं मला आठवतं.

"काय अर्थ आहे याचा?" मी विचारलं. खरं तर मला तो अर्थ हवा होता.

"सुरू होनं."

"मग स्टार्ट काहून नाही लिहिलं? बिगिन काहून नाही?"

"अर्ज हेडसरले आहे ना सर. मोठ्या मानसाले लिवताना मोठा शब्द लिवा लागते."

एवढं ती सरळ बोलली. मला वाटतं, ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिचं तिलाच सुचलं होतं. मी विचारलं, "कुठून उतरवलं तू हे?" ती म्हणाली, "कालव्याच्या बोर्डावरून." तिथे कमेन्समेन्ट असा शब्द होता. काम कधी सुरू झालं ती तारीख त्याच्यापुढे लिहिलेली. तिथल्या सुपरवायझरला तिने त्याचा अर्थ विचारला होता. "आन तुमीच सांगतलं होतं ना सर, मेन्ट लावलं का नाम होते. मी मेन्ट काढून टाकलं."

सांगितलं होतं. आदल्याच आठवड्यात, गाईडमधून. मूव्ह, मूव्हमेन्ट. त्या वर्गातल्या चाळीस पोरांपैकी एका पोरीने ते कानाआड केलं नव्हतं, तर रस्त्यावरच्या बोर्डाला लावून पाहिलं होतं. शिक्षकाच्या आयुष्यात असा दिवस किती वेळा येतो? आणि मी काय केलं?

मी हसलो. म्हणालो, "म्हणजे बोर्डावरून उतरवलंच ना? स्वतःच्या तोंडाने सांगतेस." मग वर्गाकडे वळून म्हणालो, "रोवण्याचं इंग्रजी येत नाही, अन् बाईसाहेबांना कमेन्स येतो." पोरं खदाखदा हसली. त्यांना हसायची परवानगीच हवी होती. मी तिला दाराबाहेर उभं केलं आणि सांगितलं — 'मी नक्कल केली' असं शंभर वेळा लिहायचं, खाली वडिलांची सही आणायची. ती काही बोलायला गेली. मी फळ्याकडे वळलो.

आता तुम्ही म्हणाल, अडाणीपणा झाला, तरुण वय, भीती होती. तेवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

त्याच दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत कुणी नसताना मी कपाटातला जाडा शब्दकोश काढला. उभ्या उभ्याच पाहिला. शब्द होता. दोन एम, जसं तिने स्पेलिंग लिहिलं होतं तसंच. अर्थ — आरंभ होणे, सुरू होणे. आणि पुढे लहान अक्षरांत लिहिलं होतं की हा शब्द औपचारिक लिखाणात वापरतात.

ती म्हणाली होती तेच.

मी शब्दकोश जागेवर ठेवला. खिडकीतून पाहिलं तर ती हातपंपाजवळ एकटी उभी होती. मधे फक्त मैदान होतं. मी जाऊन एवढंच म्हणायचं होतं, "अगं, तुझं बरोबर आहे." किंवा तेही नको — नुसतं, "ते लिहू नको." मी गेलो नाही. सुट्टी संपेपर्यंत मी खोलीत बसून राहिलो. मला वाटत होतं, आज हे मान्य केलं तर उद्या पोरं दुसरा शब्द विचारतील, परवा तिसरा. गावात बोलणं होईल, हेडसरांपर्यंत जाईल, तीन वर्षं पुरी व्हायच्या आत मला घरी पाठवतील. हे सगळं खरंच झालं असतं का? मला माहीत नाही. मी करून पाहिलंच नाही.

आणि इथेही ते संपलं असतं तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालिकराम स्वतः शाळेत आला. त्याला सही येत नव्हती, अंगठा उठवायचा. म्हणून तो वहीसोबत आला होता. रोवणा सोडून आला होता; पायांना पोटरीपर्यंत चिखल सुकलेला. चिखल आत पडेल म्हणून तो खोलीच्या दारातच उभा राहिला. कुंदा त्याच्या मागे. आत हेडसर होते, दोघे-तिघे शिक्षक होते.

"सर, पोट्टी चुकली जी," तो म्हणाला. "मी कामावर राहतो, मायले लिवतावाचता येत नाही, कोन पाहीन इच्याकडे? आता नाही करन ते." आणि मागे वळून तिला म्हणाला, "पाय पड सरच्या. कॉपी नाही करीन म्हन."

कुंदाने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ही बोलणार. सगळ्यांसमोर परत सांगणार — बोर्ड, मेन्ट, सगळं. ती बोलली असती तर हेडसरांनी शब्दकोश काढला असता. ते तसेच होते.

ती वाकली. माझ्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "चुकलं सर."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ऐकताय ना? मी हात ठेवला आणि म्हणालो, "ठीक आहे. या वेळी माफ केलं."

मला माहीत होतं. आदल्या दुपारपासून माहीत होतं. ती चुकली नव्हती हे त्या खोलीत दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातल्या एकाने दुसऱ्याला माफ केलं. हेडसर शालिकरामाला म्हणाले, "आमचे सर कडक आहेत, पण मन मोठं आहे." शालिकरामाने मला हात जोडले. शंभर ओळी लिहिलेली वही त्याने टेबलावर ठेवली — तिचं अक्षर सुरेख होतं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारखं — आणि तो रोवण्यावर परत गेला.

त्यानंतर कुंदाने माझ्या तासाला हात वर केला नाही. मीही तिला काही विचारलं नाही. दिवाळीनंतर भंडाऱ्याला पंधरा दिवसांचं इंग्रजीचं शिबिर होतं, राहणं-जेवण फुकट, प्रत्येक शाळेतून एक मूल. हेडसरांनी मला नाव विचारलं. शाळेत त्या जागेला लायक एकच मुलगी होती. मी दुसरं नाव दिलं. हेडसर म्हणाले, "ती शालिकरामची पोरगी हुशार वाटते रे." मी म्हणालो, "नक्कल करते, सर." लागोपाठ दोनदा म्हणालो.

दहावीला तिला सगळे विषय सुटले. इंग्रजी राहिलं. फेरपरीक्षेला ती बसली नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झाल्याचं ऐकलं. माझ्यामुळेच झालं असं म्हणावं, तर आमच्या शाळेत इंग्रजीत राहणारी पोरं बरीच होती. माझ्यामुळे नाही म्हणावं, तर त्या पोरांपैकी कुणाला कमेन्स येत होता?

मी मात्र इंग्रजी शिकलो. त्या दुपारनंतर शब्दकोश घरी आणला, रोज बसलो, वर्षभरात गाईड सुटलं. लोक म्हणतात सरांनी मेहनत घेतली. घेतली. आणि आणखी एक सांगतो, हेही कुणाला माहीत नाही. दर वर्षी अर्जलेखन शिकवताना कुणीतरी विचारतंच — स्टार्ट आणि कमेन्समध्ये फरक काय? मी सांगतो, "मोठ्या माणसाला लिहिताना मोठा शब्द." पोरांच्या ते चटकन डोक्यात बसतं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी ते ऐकून माझी पाठ थोपटली. "छान सांगता हो तुम्ही," म्हणाले. मी म्हणालो, "अनुभव, साहेब."

हे एवढंच असतं तरी मी कदाचित गप्प राहिलो असतो. इतकी वर्षं राहिलोच होतो. पण यंदा पोळ्याच्या आधी मोहाडीच्या बाजारात कुंदा भेटली.

मी ओळखलं नाही. तिनेच हाक मारली. "सर, ओळखलं का जी? मी कुंदा. शालिकराम चौकीदाराची." हातात बैलांच्या साजाची पिशवी, सोबत चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. बाप गेला, म्हणाली, तीन वर्षं झाली. सासर तुमसरच्या रस्त्यावरच्या एका गावात. चेहऱ्यावर राग नव्हता. मी शोधत होतो, म्हणून सांगतो — कुठेच नव्हता. उलट भेटून आनंद झाल्यासारखी बोलत होती.

"हे माही पोरगी. नववीत आहे. इंग्रजीत लय कच्ची आहे, माह्यावर गेली." मग मुलीला म्हणाली, "पाय पड. हे आमचे इंग्रजीचे सर. मी तुले सांगतलं नव्हतं का? मी कॉपी केली होती, सरनं पकडलं, तुह्या आज्याले शाळेत बोलावलं. पन सरनं माफ केलं मले. दुसरा असता त नावच काढून टाकलं असतं." आणि माझ्याकडे पाहून हसत म्हणाली, "इले तेच सांगून राहिली मी जी. आपल्याले येत नसन त येत नाही म्हनाव. दुसऱ्याचं उतरवू नाही."

बाजारात गर्दी होती, पण आमच्यापुरती जागा होती. कुणी घाई करत नव्हतं. नोकरी पक्की होऊन एक काळ लोटला होता, हेडसर नव्हते, शालिकराम नव्हता. मला भ्यायला कारणच उरलं नव्हतं. एक वाक्य लागलं असतं. पोरगी वाकून उठली आणि माझ्याकडे पाहत उभी राहिली — मी काय म्हणतो ते ऐकायला.

मी म्हणालो, "आई बरोबर सांगते."

पोरीने मान हलवली. कुंदाचा चेहरा खुलला. एकदा घरी या, असं मला म्हणाली, आणि दोघी एसटीकडे गेल्या. मी भाजी घेतली आणि घरी आलो.

पहिल्या वेळी मी तिच्याकडून ते शंभर वेळा लिहवून घेतलं होतं. या वेळी तेच तिच्या लेकीला खरं म्हणून सांगितलं. आता त्या घरात दोघी मानतात की कुंदाने नक्कल केली होती.

कुंदाने नक्कल केली नव्हती. तिचं वाक्य बरोबर होतं. मला ते त्याच दुपारी कळलं होतं.